बर्कच्या झोपेची राखण

मिलूदने दुसरं लग्न केलं तेव्हा त्याची पहिली बायको हनिया वारून तीन वर्षं होत आली होती. मिलूद माझा धाकटा दीर. त्याच्या आणि आमच्या अंगणात एकच भिंत, तीही डोक्याएवढी, त्यामुळे तिकडे झाकण पडलं तरी इकडे कळतं. या गोष्टीतलं बरंचसं मी त्या भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, काही डोळ्यांनी पाहिलेलं, आणि उरलेलं रकियाने मला स्वतः सांगितलेलं. माझाही यात हात होता. तेही सांगणार आहे.

रकिया, म्हणजे ही दुसरी, अझमूर शहरातली. पहिला नवरा इटलीला गेला तो गेलाच, दोन वर्षांनी तिकडूनच त्याने तलाकचे कागद पाठवले. चाळिशीला आलेली, मूलबाळ नाही. आमच्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर एक पेटी होती आणि भरतकामाची लाकडी चौकट. लाल रेशमाने ती असे पक्षी भरायची की गावातल्या बायका कापड उलटं करून मागची बाजू बघायच्या, गाठ कुठे दिसते का म्हणून. दिसायची नाही. मिलूदचं घर तिने आठवड्यात आरशासारखं केलं. माझा नवरा जिलाली एकदा चहा पिता पिता म्हणाला, मिलूदकडे आता बसावंसं वाटतं. मी पेला त्याच्यासमोरून उचलला, अर्धा भरलेला होता तरी.

मिलूदकडे बिटाची आणि गव्हाची शेती, कालव्याचं पाणी, चार गाई आणि बर्क. बर्क म्हणजे त्याचा शिकारी स्लूगी. आमच्याकडे स्लूगीला कुणी कुत्रा म्हणत नाही. कुत्रा वेगळा, तो उंबऱ्याबाहेरचा. स्लूगी घरात येतो, पाहुण्यांसमोर बसतो, पिल्लू असताना त्याला पोराबाळांसारखं दूध पाजतात. बर्क वाळूच्या रंगाचा, तोंड काळं, कंबर मुठीत मावेल अशी. सशामागे सुटला की नुसती रेघ दिसायची. सात वर्षांचा होता. दुपारचं जेवण झालं की मिलूद बैठकीच्या खोलीत चटईवर आडवा व्हायचा, आणि बर्क त्याच्या पायाशी मेंढीच्या कातड्यावर. उन्हाळ्यात एक ते चार आमच्या गावात रस्त्यावर कोंबडीसुद्धा फिरत नाही.

लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. रकिया चहाचे पेले गोळा करायला आत गेली तर बर्क कुशीवर पडून थरथरत होता. चारही पंजे हवेत धावल्यासारखे हलत होते, ओठ उडत होता, अर्धवट मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी आकडी यायची. तिला वाटलं तेच. ती त्याला हलवायला वाकली, तोच मिलूदने तिचं मनगट धरलं. तो झोपलाय असं तिला वाटलं होतं.

"हात लावू नकोस," तो हळूच म्हणाला. "हनियाकडे गेलाय तो."

रकियाला आधी कळलंच नाही. मग मिलूदने तिला शेजारी बसवून दाखवलं, जसं कुणी पाहुण्याला आपली बाग दाखवतो. आधी कान हलतात. मग पंजे, म्हणजे तो तिच्या दिशेने पळतोय. मग शेपटी फरशीवर आपटते, दोनदा, तीनदा, म्हणजे ती दिसली. आणि मग घशातून एक आवाज येतो, बारीक, लांबलेला, रडणं नाही आणि भुंकणंही नाही. तो आवाज आला तसा मिलूदने डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, रकिया मला म्हणाली, जसं लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हतं.

हे तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, गच्चीवर मिरच्या उलटताना. हसून सांगितलं, पण मिरच्या जिथे होत्या तिथेच पुन्हा पुन्हा उलटत राहिली. मग मला मानाने हाक मारून विचारलं, "लाल्ला तामू, हनियाचा फार जीव होता का त्याच्यावर?"

मला तिथेच खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, जनावराचं प्रेम कुणाला कळतं बाई, आणि टोपली उचलून खाली आले.

त्यानंतर रकियाचं दुपारचं झोपणं संपलं. काम नसताना ती दाराशी बसायची आणि बर्ककडे बघत राहायची. त्याला खायला ती घालायची. त्याचं पाणी ती भरायची. त्याच्या कानातल्या गोचिड्या चिमट्याने तिने काढल्या होत्या. आणि तिच्यासाठी त्याची शेपटी हलायची ती एकदा, तीही हातात वाडगं असेल तर. तो घशातला आवाज तिच्यासाठी तो कधी काढत नव्हता. रोज दुपारी मात्र डोळे मिटून दुसऱ्या बाईकडे धावत जायचा, आणि तिचा नवरा ते बघत पडून राहायचा. मिलूद शेतावरून आला की हात धुवायच्या आधी विचारायचा, आज गेला होता का तो? माणसाने आल्या आल्या बायकोला काय विचारावं याचा काही नियम नाही, पण हे नसावं.

सुरुवात तिने आवाजाने केली. भिंतीपलीकडून मला सगळं कळायचं. ऐन दोन वाजता खलबत्ता वाजायला लागायचा. कधी ताट पडायचं. कधी ती कोंबड्यांना हाका मारायची, त्या सावलीत गुपचूप बसलेल्या असताना. मिलूद कुरकुरायचा, आणि ती म्हणायची की काम काय उद्यावर ठेवू? मग बिटाचा हंगाम आला आणि मिलूद दुपारचा शेतावरच राहायला लागला. तेव्हा आवाजाची गरज उरली नाही. ती झाडू घेऊन शेजारी बसायची. कान हलले की गप्प राहायची. पंजे हलले की वाट बघायची. शेपटी एकदा आपटली की झाडूचं टोक त्याच्या बरगड्यांत खुपसायची. मारायची नाही, हे तिने मला शपथेवर सांगितलं, आणि माझा विश्वास आहे. नुसतं उठवायची. तो दचकून उभा राहायचा, तिच्याकडे बघायचा, जागा बदलून पुन्हा पडायचा. पुन्हा डोळा लागला की पुन्हा झाडू. कातडं तिने धुवायचं म्हणून काढलं ते परत अंथरलंच नाही. पुढे तिने त्याची जागा पाण्याच्या इंजिनाच्या खोपटाशी केली. घरात केस पडतात हे कारण. इंजिन दिवसभर धडधडायचं.

"मला रोज वाटायचं, आज शेवटचं," ती मला नंतर म्हणाली. "पण तो शेपटी हलवायला लागला की मला ती दिसायचीच. ती तिथे गेटपाशी उभी आहे, त्याला जवळ घेतेय, आणि मी इथे झाडू घेऊन."

दोन-अडीच महिने हे चाललं. बर्क वाळला. स्लूगीच्या बरगड्या दिसतातच, पण त्याच्या पाठीचे मणके मोजता यायला लागले. पान पडलं तरी उडायचा. एकदा धावताना कालव्याच्या कठड्यावर आदळला, जो तो पिल्लू असल्यापासून ओलांडत आला होता. मिलूद म्हणायचा, वय झालं. जिलाली म्हणायचा, जंत असतील.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मिलूद बाजारातून लवकर आला. घामाने भिजलेला, कलिंगड तसंच दारात ठेवलं आणि आत जाऊन पडला. बर्क त्याला बघून खोपटातून उठून त्याच्या मागोमाग आत गेला आणि त्याच्या कुशीशी पडला. कितीतरी दिवसांनी दोघं तिथे होते. रकिया स्वयंपाकघरात होती. मिलूदने झोपेत हात बाजूला टाकला, नेहमी टाकायचा तसा, आणि तो बर्कच्या मानेवर पडला.

मी आवाज ऐकला तो मिलूदचा. भिंतीला वळसा घालून पोचले तेव्हा त्याच्या अंगठ्याजवळचं मांस लोंबत होतं आणि चटई लाल झाली होती. बर्क कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा, पायांखाली ओलं, आणि इतका थरथरत होता की त्याची नखं फरशीवर वाजत होती. रकिया दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं तिलाच चावा बसलाय.

जिलालीने भावाचा हात साबणाने धुतला, नळाखाली किती तरी वेळ धरला, आणि मिलूदला मोटारसायकलवर घालून सुया टोचून घ्यायला नेलं. तोवर अंगणात चार माणसं जमली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, मालकाला चावलेला स्लूगी ठेवायचा नसतो. परत आल्यावर जिलाली म्हणाला की त्याची बंदूक घरात आहे, तो स्वतः करेल, परक्याच्या हातून नको. यात त्याची माया होती. मिलूद बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता, हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

तेव्हा रकिया बोलली. सगळ्या पुरुषांसमोर. म्हणाली, आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मग काय ते करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याच्या टेम्पोने तालुक्याच्या गावी, जमामराला गेलो, मिलूद, रकिया आणि मी, मागे हौद्यात बर्क, तोंडाला पट्टा बांधलेला. डॉक्टर इब्तिसाम म्हणजे तिशीची पोरगी, तोकडे केस, पायांत रबरी बूट. तिने बर्कला फरशीवरच तपासलं, टेबलावर चढवलं नाही. दात पाहिले, कान, पोट, सांधे. पिसाळल्याची लस घेतल्याचा कागद बघितला. म्हणाली की लस असली तरी चावलेलं जनावर पंधरा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, पण हा पिसाळलेला दिसत नाही. मग तिने विचारलं, हा झोपतो कसा?

"दिवसभर पडूनच असतो," मिलूद म्हणाला.

"पडून असणं वेगळं, मिलूदसाहेब. झोपतो का?"

मिलूदने रकियाकडे पाहिलं. रकिया बाहीवरचा एक धागा ओढत बसली होती. म्हणाली, इंजिनाचा आवाज असतो तिथे.

डॉक्टर इब्तिसाम खाली बसूनच बोलली, बर्कच्या पाठीवर हात ठेवून. कुत्र्याला निम्मा दिवस झोप लागते, म्हणाली. त्यातली खरी झोप थोडी, ज्यात पंजे हलतात, डोळे फिरतात, आवाज काढतात. तेव्हा ते स्वप्न बघत असतात. ती झोप रोज रोज मोडली तर माणूस जसा होतो तसं जनावर होतं. चिडतं, घाबरतं, जेवत नाही, पायाखालचं दिसत नाही. आणि स्वप्नातून हात लावून उठवलं तर शेजारी आई आहे का वैरी, हे कळायच्या आधी दात लागतात. तो तुम्हाला चावला नाही, ती मिलूदला म्हणाली, तो अर्धा इथे नव्हताच.

मग तिने काय करायचं ते सांगितलं. जागा एकच, अंधाराची, शांत, त्याच्या ओळखीच्या वासाची. पळायला न्यायचं ते सूर्य वर यायच्या आत. जेवण दिवस मावळताना, त्यानंतर काही नाही. झोपेत कुणी हात लावायचा नाही, उठवायचंच असेल तर लांबून नावाने हाक. पंधरा दिवस मिलूदने त्याच्याजवळ झोपायचं नाही. आणि दुपारी कुणीतरी राखण करायची, की त्याला कुणी छेडत नाही ना.

"मी करते," रकिया म्हणाली.

उठता उठता तिने विचारलं, "ते स्वप्नात काय बघतात, डॉक्टर?"

"पळत असतील. ससे, माणसं, ज्यांच्याबरोबर दिवस जातो ते. खरं सांगायचं तर कुणाला माहीत नाही."

"मेलेलं माणूस?"

डॉक्टरने बूट झटकले. म्हणाली की ते तिला कसं कळणार.

त्या दिवसापासून मिलूद दुपारचा आमच्याकडे झोपायला यायला लागला आणि रकिया राखणीला बसली. मेंढीचं कातडं तिने पेटीतून काढून पुन्हा अंथरलं, खिडकीला जाड पडदा लावला, इंजिन दुपारी बंद ठेवायला लावलं. पहिले तीन दिवस बर्क झोपलाच नाही. कातड्यावर पडायचा आणि एक डोळा उघडा ठेवून तिच्या हातांकडे बघायचा. हातात झाडू नव्हता, भरतकामाचं कापड होतं, पण त्याला काय. ती सरकून उंबऱ्यापाशी गेली. तरी बघायचा. शेवटी ती उंबऱ्याबाहेर, उन्हाच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी तिला मागून लांब श्वास ऐकू आला.

पाचव्या दिवशी शेपटी आपटली. ती मला म्हणाली, सुई बोटात गेली तरी वळून बघितलं नाही. जळत होती तेव्हाही. पण आता जळायचं आणि राखायचंही होतं. नेमका त्याच वेळी कर्णा लावलेला टेम्पो गल्लीत शिरला, प्लास्टिकच्या बादल्या विकणारा. रकिया तशीच अनवाणी धावली, तापलेल्या मातीवरून, डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरत, आणि टेम्पोसमोर आडवी उभी राहिली. विकणाऱ्याने विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? ती म्हणाली, झोपलंय. कोण झोपलंय ते गावाला कळलंच, आणि आठवडाभर बायका विहिरीवर एकमेकींना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होत्या. पायाला फोड आले होते, त्याला हळद लावून पुन्हा उंबऱ्याशी.

नवव्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी मळलेली कणीक झाकत होते. मिलूद आतल्या खोलीत पडदा ओढून झोपला होता. रकिया माझ्यासमोर जमिनीवर बसली, आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. आज तिने पहिल्यांदा सगळं पाहिलं होतं, शेवटपर्यंत. इतके दिवस ती शेपटीलाच उठवायची, आणि मिलूद तो आवाज आला की डोळे मिटायचा, त्यामुळे पुढचं कुणी पाहिलंच नव्हतं. तो आवाज काढून झाल्यावर बर्क जागा झाला, उठला, खोली हुंगली, चटई हुंगली, गेटपर्यंत गेला, फटीतून बाहेर बघत उभा राहिला. बराच वेळ. मग परत आला आणि पडला.

"शोधत होता," ती म्हणाली. "ती इथे नाही हे त्याला रोज नव्याने कळतं. आणि मी त्याला झाडूने..."

मग तिने मला झाडूचं सगळं सांगितलं. मला निम्मं माहीत होतं, तरी ऐकताना कणकेचे हात तसेच राहिले.

मी म्हणाले, "रकिया, तो हनियाला शोधत नव्हता."

आता मला बोलावंच लागलं. हनियाला बर्क आवडायचा नाही. ती नमाज पढायची त्या बैठकीच्या खोलीत त्याचा केससुद्धा तिला चालायचा नाही. उंबऱ्यात आला की चप्पल फेकायची, आणि तिचा नेम चांगला होता. ती असेपर्यंत बर्क त्या खोलीत कधी गेला नाही. आणि तो घशातला आवाज मी सात वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आले होते. मिलूदची मोटारसायकल कालव्याच्या पुलाशी वळली की बर्क गेटपाशी उभा राहून तो आवाज काढायचा. हनिया गेल्यावरही. मिलूद बिचारा गाडीवर, इंजिनाच्या आवाजात, त्याला तो कधी ऐकूच आला नसेल, आणि रकिया त्या वेळी मागे गोठ्यात धारेला बसलेली. चावला त्या दुपारीही मिलूद बाजारातून लवकर आला तेव्हा मी तो ऐकला होता.

रकिया म्हणाली, "तुम्ही गच्चीवर का नाही सांगितलंत?"

मी खोटं बोलू शकले असते. पण नऊ दिवस तिची राखण बघितल्यावर खोटं बोलायला फार ताकद लागते. मी सांगितलं की हनिया होती तोवर गाव हनियाचं नाव घ्यायचं, तिची रोटी, तिचा आवाज. मग तू आलीस, तुझे ते लाल पक्षी घेऊन, आणि माझ्या नवऱ्यालासुद्धा तुझ्या घरात बसावंसं वाटायला लागलं. पंचवीस वर्षं मी या घरात आहे, माझं कुणी कधी नाव घेतलं नाही. तू तिच्यावर जळतेस हे बघून मला बरं वाटलं. रोज भिंतीपलीकडून खलबत्ता वाजला की बरं वाटायचं.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे तो आवाज यांच्यासाठीच होता," आणि उठून पडदा बाजूला करून आतल्या खोलीत गेली. मी कणकेजवळच बसून राहिले. पडद्याला कान लावायची गरज नव्हती.

मिलूद उठून बसल्याचं ऐकू आलं. रकियाने आधी स्वतःचं सांगितलं, काही न वगळता. झाडू, कातडं, इंजिन. म्हणाली, तुमच्या हाताला चावले ती मी, बर्क नाही. मग ती म्हणाली, "आता तुमचं सांगा. हनियाने त्याला कधी जवळ घेतलं होतं?"

मिलूद म्हणाला, "नाही."

"मग असं का सांगितलंत मला?"

तो जे बोलला ते तुटक होतं, मी जोडून सांगते. हनिया शहरातल्या दवाखान्यात होती. अकरा दिवस तो तिच्या खाटेपाशी बसला होता. बाराव्या दिवशी दुपारी कपडे न्यायला घरी आला, आणि पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून चटईवर पडला. तेवढ्यात ती गेली. फोनने जाग आली तेव्हा बर्क त्याच्या पायाशी झोपलेला होता. हाकलायला कुणी नव्हतं म्हणून त्या दिवशी तो पहिल्यांदा आत आला होता. आणि झोपेत त्याची शेपटी फरशीवर आपटत होती. मिलूदला वाटलं, ती जाताना इथून गेली. मी झोपलो होतो, पण याने तिला पाहिलं.

"ती माझ्या स्वप्नात एकदाही आली नाही," तो म्हणाला. "तीन वर्षांत एकदाही. मला त्या कुत्र्याचा इतका हेवा वाटायचा, रकिया. म्हटलं, निदान त्याच्याकडे येते."

त्याने बर्कला कुत्रा म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

रकिया रडली असेल, मला दिसलं नाही. तिचं पुढचं बोलणं ठणठणीत होतं. म्हणाली, "ती कशी होती ते मला सरळ सांगत जा. त्याला मध्ये घालू नका."

"तुला वाईट वाटेल."

"वाटू दे. तसंही वाटतंच आहे."

गोड शेवट लगेच झाला नाही. झाडूची गोष्ट मिलूदला पचली नाही. पुढचे सहा दिवस तो रात्रीही आमच्याकडेच राहिला, जेवण मी वाढायचे, आणि तो त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. रकियाने निरोप पाठवला नाही, समजूत काढली नाही. सकाळी उजाडायच्या आत तिची पावलं आणि बर्कची नखं गल्लीतून कालव्याकडे जाताना ऐकू यायची. तिला पळता येत नव्हतं, ती नुसती बांधावर उभी राहायची आणि तो शेताला वेढे घालायचा. मिलूद गच्चीवरून बघायचा. मला वाटतं त्याचा राग तिथे उतरला, हळूहळू.

पंधराव्या दिवशी डॉक्टर इब्तिसामने बर्कला वजनकाट्यावर उभं केलं, बंदुकीचं कानावर आलं होतं म्हणून बरोबर आलेल्या जिलालीकडे थोडं रोखून बघितलं, आणि कागदावर सही केली. त्या संध्याकाळी मिलूद आपल्या घरी गेला. बंदुकीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुपारी तो आता खाटेवर झोपतो, बर्क खाली कातड्यावर, मध्ये चार हात अंतर. राखणीला कुणी बसत नाही.

हनियाबद्दल तो खरंच बोलायला लागला. संध्याकाळी ऐकू यायचं. ती कणीक मळताना गुणगुणायची. तिला उंटाची भीती वाटायची. ती भांडली की तीन दिवस फक्त गाईंशी बोलायची. रकिया विचारायची, मग? आणि मग? ऐकताना तिचा जीव जळायचा, हे तिने मला सांगितलं, पण ते पुष्कळ नंतर. माझ्याशी ती सहा महिने कामापुरतं बोलली. रमजान उजाडला तेव्हा भिंतीवरून एक वाडगं सूप सरकवलं, आणि वर झाकायला लाल पक्ष्याचा रुमाल. रुमाल परत करू का, विचारलं. म्हणाली, ठेवा.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे वाफवलेल्या रव्याचं कुसकुस खायला बसलो होतो. मोठं थाळं मध्ये, प्रत्येकजण आपल्यासमोरचं खात होता. मिलूद बोलता बोलता सहज म्हणाला, "हनिया, जरा मीठ दे."

जिलालीचा घास हातातच राहिला. मिलूदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रकिया उठली, मिठाचा डबा घेऊन आली, मिलूदच्या समोरच्या बाजूला मूठभर मीठ नीट पसरलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मिलूदने आपली बाजू पूर्ण खाल्ली, मानही वर केली नाही. मग दोन तांबे पाणी प्यायला.

रकियाने तिसरा भरून त्याच्यापुढे ठेवला.